पंडिता रमाबाई : एका कर्तबगार आईची जीवनकथा

शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याने चौफुल्याकडे निघालेली एस. टी. भीमेवरचा पूल ओलांडून पारगावला येते आणि तिथून थोड्याच वेळात केडगाव लागते. दौंडहून पुण्याला गाडीने जाणाऱ्यांनाही केडगावचे स्टेशन परिचयाचे आहे. या गावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका बाईने निराधार स्त्रियांसाठी मुक्ती सदन उभारले. आपल्यापैकी अनेकांनी त्याचे नाव ऐकलेले असते, पण ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे चरित्र फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते तेही त्यांना विदुषी आणि समाजसुधारक म्हणून ओळखतात. त्या एका मुलीची आई होत्या, आणि ती मुलगी त्यांनी पतीच्या मागे एकटीने वाढवली, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

आज आपल्या शिरूर-दौंड भागात नोकरी करणाऱ्या किंवा मजुरीला जाणाऱ्या माता पुष्कळ आहेत. कोणी शाळेत शिक्षिका आहे, कोणी दवाखान्यात परिचारिका आहे, कोणी घरी शिलाई मशीन चालवते, कोणी कारखान्यात तर कोणी दुसऱ्याच्या शेतात राबते. घर, मुले आणि काम या तिन्हींचा मेळ घालताना त्यांची जी ओढाताण होते ती त्यांनाच माहीत. स्वतःच्या तब्येतीकडे पाहायला तर त्यांना वेळच मिळत नाही. अशा मातांनी, त्यांच्या घरातील पुरुषांनी आणि त्यांच्या मुलामुलींनी रमाबाईंचे जीवन जाणून घ्यावे, म्हणून हा लेख.

पहाटेचा अभ्यास

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या जंगलात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक होता. तो मोडून अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यासाठी त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. अखेर ते कुटुंब घेऊन जंगलात जाऊन राहिले आणि तिथेच त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली.

लक्ष्मीबाईंच्या अंगावर कामाचा डोंगर होता. मुलेबाळे, घरी राहणारे विद्यार्थी आणि येणारे-जाणारे यात्रेकरू या सर्वांचे खाणेपिणे त्या एकट्या पाहत. दिवसभरात त्यांना क्षणाची उसंत नसे. म्हणून त्यांनी रमाला शिकवण्यासाठी पहाटेची वेळ काढली. पाखरे जागी होण्याच्या सुमारास त्या झोपलेल्या रमाला उचलून घेत, मायेने जागे करीत आणि तिच्याकडून संस्कृत श्लोक पाठ करून घेत. दिवस उजाडला की पुन्हा चूल, पाणी आणि पाहुणे सुरू होत. पुढे जिच्या विद्वत्तेने कलकत्त्याचे पंडित चकित झाले, त्या मुलीचे सगळे शिक्षण असे पहाटेच्या अंधारात आईच्या मांडीवर झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लक्ष्मीबाई मुलीला शिकवू शकल्या, कारण त्याआधी त्यांचे पती त्यांना शिकवायला बसले होते. शिकलेल्या आईचे श्रेय आपण आईला देतो आणि ते योग्यच आहे. पण त्या श्रेयात घरातील पुरुषाच्या शहाणपणाचाही वाटा असतो. तो नसेल तर आईची पहाटही चुलीपुढेच जाते.

एकामागून एक आघात

पुढे डोंगरे कुटुंबाची मालमत्ता गेली. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब गावोगाव पायी हिंडू लागले. दुष्काळ पडला, अन्न मिळेनासे झाले. १८७४ पासून काही महिन्यांच्या अंतराने रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघे मृत्यू पावली. मागे राहिले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. ही दोन भावंडे उपाशीतापाशी, अनवाणी, हजारो मैल चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन तिचा गौरव केला.

१८८० मध्ये बंधूही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांनी पाठ फिरवली. पण संसार सुखाचा होता. १६ एप्रिल १८८१ रोजी त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा ठेवले. मनोरमा अवघी दहा महिन्यांची असताना, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, पतीचे पटकीने निधन झाले.

तेवीस वर्षांची ही तरुण विधवा आता अगदी एकटी पडली. तिला ना माहेर होते, ना सासरचा आधार, आणि कडेवर तान्हे मूल होते. त्या काळात विधवेच्या वाट्याला काय येई हे सांगायला नको. अशा स्थितीत रमाबाई मुलीला घेऊन पुण्याला आल्या.

कडेवर मूल, हातात काम

पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी त्यांचे स्त्रीधर्मनीति हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांच्या उपचारासाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी ठासून सांगितले. हे सर्व चालू असताना मनोरमा एक-दीड वर्षाची होती. शिवाय रमाबाई त्याच सुमारास इंग्रजीही शिकत होत्या.

आपण स्वतः डॉक्टर व्हावे असे रमाबाईंच्या मनात होते. पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली आणि १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या बोटीने इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. मठातल्या ज्या भगिनी हिंदुस्थानात यायच्या होत्या त्यांना रमाबाईंनी मराठी शिकवावे, असे ठरले. म्हणजे परक्या देशातही त्या कष्टाचीच भाकरी खात होत्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा हा निर्णय अनेकांना रुचला नाही आणि त्यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. तो या लेखाचा विषय नाही. पटले ते उघडपणे केले आणि त्याची किंमतही मोजली, एवढे मात्र त्यांच्याविषयी म्हटले पाहिजे.

डॉक्टर होण्याची इच्छा पुरी झाली नाही. रमाबाईंना कमी ऐकू येत असे आणि हा दोष वाढत गेला. वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग त्यामुळे बंद झाला. दुसरे कोणी खचून गेले असते. रमाबाईंनी मात्र वाट बदलली आणि डॉक्टरीऐवजी शिक्षणशास्त्राकडे वळल्या. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकू लागल्या आणि तिथेच संस्कृत शिकवूही लागल्या. आपल्या शरीराची मर्यादा ओळखून तिला झेपेल असे काम निवडणे, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा धडा आहे. जे अंगाला झेपत नाही ते ओढत राहण्यात मोठेपणा नाही, हे कष्टाळू मातांना सांगण्याची वारंवार गरज पडते.

मुलगी कोणाची?

रमाबाई चेल्टनहॅमला शिकत असताना मनोरमा बराच काळ वाँटेजच्या भगिनींच्या देखरेखीखाली राहिली. त्या भगिनींनी तिच्यावर माया केली यात शंका नाही. पण त्यातून एक कठीण प्रसंग उभा राहिला. मुलीवर धर्माचे संस्कार कोणते आणि कसे करायचे, तिला कुठे ठेवायचे, हे भगिनी ठरवू लागल्या. रमाबाईंना ते मान्य नव्हते. भगिनींचे उपकार त्या विसरल्या नाहीत, पण मुलीच्या बाबतीतला अंतिम शब्द आईचा असला पाहिजे, ही भूमिका त्यांनी पत्रांतून स्पष्टपणे मांडली. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये मुंबईत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना एका आईची तगमग जाणवते. मुलीला दुसऱ्यांच्या हाती सोपवल्याशिवाय शिक्षण होत नव्हते, आणि सोपवले की मुलगी आपल्यापासून दूर जाईल ही भीती होती.

कामावर जाणाऱ्या आईला हा प्रश्न आजही सुटलेला नाही. मूल आजीकडे, शेजारणीकडे किंवा पाळणाघरात ठेवावे लागते. मदत घेताना संकोच वाटतो आणि मदत करणारे कधी कधी आईलाच चार गोष्टी सुनावतात. रमाबाईंनी कृतज्ञ राहूनही आपला हक्क सोडला नाही. मदत घेतल्याने आईचे आईपण कमी होत नाही, हे त्यांच्या वागण्यातून दिसते.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. त्या हिंदुस्थानातल्या पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक झाल्या. पण परदेशातील थंडी, खाण्यापिण्याची आबाळ आणि अतिश्रम यांनी त्यांचे शरीर पोखरून निघाले होते. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. इतकी विद्या, इतका निश्चय, पण देहाची काळजी घेतली गेली नाही म्हणून रुग्णांना तिचा लाभ झालाच नाही. हे दुःख रमाबाईंनी अगदी जवळून अनुभवले.

अमेरिकेत रमाबाईंनी बालवाडीचे शिक्षण घेतले, मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे काम केले आणि गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवरील इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या कार्याला मदत करण्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे मान्य केले. या धावपळीत मनोरमेला जवळ ठेवणे शक्य झाले नाही. तिला पुन्हा इंग्लंडला पाठवावे लागले. पाच-सहा वर्षांची मुलगी एका खंडात आणि आई दुसऱ्या खंडात. हे योग्य झाले की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र मोठ्या कार्याची किंमत कधी कधी घरातल्या सर्वांत लहान माणसाला मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही.

घर आणि शाळा एकाच छपराखाली

१८८९ च्या प्रारंभी रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदा सदन सुरू केले. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. बालविधवांना राहण्याची जागा आणि शिक्षण देणारी ही शाळा होती. गोदूबाई ही तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्ध झाली. १८९० मध्ये शारदा सदन पुण्याला हलवण्यात आले.

या सदनात रमाबाईंनी आपले घर आणि आपले काम यांच्यामधली भिंतच काढून टाकली. मनोरमाही आईजवळ येऊन राहिली. ज्या मुलींना जगात कोणी नव्हते त्या आणि रमाबाईंची स्वतःची मुलगी एकाच छपराखाली वाढू लागल्या. रमाबाईंच्या खोलीचे दार सर्वांना उघडे असे. आई आणि मुलगी सकाळी प्रार्थना करीत तेव्हा काही मुलीही तिथे येऊन बसत. त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. मुलींना बाटवले जाते असा आरोप झाला. १८९३ मध्ये बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार समितीतून बाहेर पडले. पालकांची चिंता समजण्यासारखी होती. दुसरीकडे, आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करावी, हे रमाबाईंना पटणारे नव्हते. घर आणि संस्था एक केल्याने मुलगी जवळ राहिली, पण घरातली खाजगी गोष्ट खाजगी राहिली नाही.

केडगाव

रमाबाईंनी केडगाव स्टेशनजवळ सुमारे १०० एकर जमीन घेऊन तिथे फळझाडे लावली होती. अमेरिकेतली मदत दहा वर्षांनी थांबेल, तेव्हा संस्थेला स्वतःच्या उत्पन्नाचा आधार असावा, असा त्यांचा विचार होता. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. लहानपणी दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग सुरू झाला होता आणि तिथे इतक्या जणींना ठेवता येत नव्हते. म्हणून त्यांना केडगावच्या माळावर आणले. राहायला धड घरे नव्हती, तंबू आणि झोपड्या होत्या. त्यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या आणि सदनातील संख्या दीड हजाराच्या वर गेली.

दीड हजार जणींचा संसार एका बाईने कसा चालवला असेल, असे आपल्याला वाटते. त्याचे उत्तर असे की तो एका बाईने चालवलाच नाही. रमाबाईंनी काम वाटून दिले. मुलींचे गट पाडले आणि मोठ्या मुलींवर धाकट्यांची जबाबदारी सोपवली. शेती, गुरेढोरे, विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई आणि छापखाना ही सारी कामे मुली शिकल्या आणि त्यांनीच ती चालवली. शिक्षण आणि काम हातात हात घालून चालत. आंधळ्या मुलींसाठी, वृद्ध स्त्रियांसाठी, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग झाले. सुंदराबाई पवार, मिनी अब्राम्स यांच्यासारख्या सहकारिणी त्यांना मिळाल्या. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्यामागे काम बंद पडले नाही. जे काम आपल्यावाचून चालूच शकत नाही असे माणसाला वाटते, तेच काम माणसाला लवकर थकवते. रमाबाईंनी तो मोह टाळला.

आणि त्यांनी स्वतःसाठीही काही राखून ठेवले. जंगलात बालपण गेल्यामुळे झाडापेडांची ओढ त्यांना जन्मभर होती. साधा शाकाहार, पांढरी साडी आणि ईश्वराचे स्मरण यांत त्यांना समाधान होते. शिवाय अभ्यास त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि केडगावच्या छापखान्यात ते मुलींच्या हातून छापून घेतले. पहाटे आईच्या मांडीवर बसून शिकणारी रमा त्यांच्यात अखेरपर्यंत जिवंत होती. रोजच्या कामाच्या रगाड्यात मनाला आवडणारी एखादी गोष्ट जपणे हा चैनीचा भाग नाही. त्यामुळेच माणूस उभा राहतो.

मनोरमा

मनोरमेचे काय झाले? रमाबाईंनी मुलीच्या शिक्षणात कसूर केली नाही. सदनात कामाला माणसे कमी असतानाही तिला परदेशी शिकायला पाठवले. अमेरिकेतील शिक्षण संपवून ती १९०० मध्ये परतली. अंधांना शिकवण्याची पद्धत तिने आत्मसात केली होती आणि तिच्या प्रयत्नाने केडगावात आंधळ्या मुलींचे शिक्षण सुरू झाले. पुढे तिने मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळवली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली आणि गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली. आईची दृष्टी, आईचा हात आणि कानाने अधू झालेल्या आईचा कानही तीच झाली. आपल्यामागे सारा कारभार मनोरमा पाहील, अशी रमाबाईंची खात्री होती.

पण तसे व्हायचे नव्हते. कामाचा भार वाहता वाहता मनोरमेची प्रकृती ढासळली. जुलै १९२१ मध्ये मिरज येथे तिचे निधन झाले. त्या वेळी तिचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते. ज्या मुलीला कडेवर घेऊन रमाबाई पुण्याला आल्या होत्या, ती त्यांच्या आधी गेली. हा घाव त्यांनी मुकाट्याने सोसला, हाती घेतलेले भाषांतर पुरे करत आणले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे डोळे मिटले. सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले होते. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आपण काय घ्यावे?

थोरांच्या चरित्रातून फक्त गुण घ्यावेत असे म्हणतात. पण प्रामाणिकपणे पाहिले तर त्यांच्या वाट्याला आलेल्या अडचणीही शिकवून जातात. रमाबाईंनी ओझे पुष्कळांना वाटून दिले, तरी शेवटी सर्वांत जड ओझे त्यांच्या मुलीच्याच खांद्यावर आले. आपल्या घरांतही असेच घडते. आई कामावर जाऊ लागली की धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा सुटते. मुलगा मात्र शाळेला जातो आणि संध्याकाळी खेळायलाही जातो. आईची कमाई आणि मुलीचे शिक्षण यांची अशी अदलाबदल होता कामा नये. आईचे काम हलके करायचे असेल तर ते घरातील सर्वांनी उचलावे. त्यात वडील आले, मुलगे आले, दीर आणि आजोबाही आले. पाण्याची घागर उचलल्याने, भाकरी थापल्याने किंवा लहान भावाला शाळेत पोचवल्याने कोणाच्या मर्दपणाला बाधा येत नाही.

आपल्या समाजातही असे आदर्श आहेत. रमाबाई केडगावात काम करीत होत्या त्याच काळात, १९०६ मध्ये, अलीगढ येथे शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीदजहाँ बेगम यांनी मुस्लिम मुलींची शाळा सुरू केली. लोकांचा विरोध होता. मुलींना घराबाहेर राहायला पाठवणे म्हणजे बदनामी, असे मानले जाई. १९१४ मध्ये वसतिगृह सुरू झाले तेव्हा वहीदजहाँ बेगमनी स्वतः मुलींची देखभाल केली आणि त्यांना पोटच्या मुलींसारखे जपले. त्यामुळे पालकांना भरवसा आला. त्यांच्या कन्या डॉ. रशीद जहाँ पुढे डॉक्टर आणि नामवंत लेखिका झाल्या. येथे पती आणि पत्नी दोघांनी मिळून एकच काम केले, म्हणून ते टिकले. रमाबाईंना ती साथ फक्त दीड-दोन वर्षे लाभली. आपल्यापैकी ज्या घरांत ती साथ शक्य आहे, त्यांनी तिचे मोल ओळखावे.

म्हणून पालकहो, घरातली बाई कामाला जात असेल तर तिला वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि आजारात वेळेवर औषध मिळते की नाही हे पाहा. सगळ्यांना वाढून उरलेले खाणे हा तिचा धर्म समजू नका. तिच्या दुखण्याला रोजचेच म्हणून बाजूला सारू नका. दिवसातला अर्धा तास तरी तिचा स्वतःचा असू द्या. त्यात तिने वाचावे, इबादत करावी, मैत्रिणीशी बोलावे किंवा नुसते बसून राहावे. आईच खचली तर घराला सावरणारे कोणी उरत नाही.

आणि विद्यार्थिनींनो, आई दमून घरी येते तेव्हा तिला मदत जरूर करा, पण आपला अभ्यास सोडू नका. तुमचा अभ्यास हीच तिची सर्वांत मोठी कमाई आहे. विद्यार्थ्यांनो, बहिणीच्या वाट्याचे काम निम्मे तुम्ही उचला, म्हणजे तिलाही वाचायला वेळ मिळेल.

पुढच्या वेळी शिरूर-चौफुला रस्त्याने जाताना किंवा दौंड-पुणे गाडीत बसल्यावर केडगाव आले की खिडकीतून बाहेर जरूर पाहा. पहाटेच्या अंधारात मुलीला श्लोक शिकवणारी लक्ष्मीबाई, तान्ह्या मुलीला घेऊन जगाशी झुंजणारी रमाबाई आणि आईचे काम पुढे नेताना अकाली गेलेली मनोरमा, या तिघी त्या माळाशी जोडलेल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीलाही हे सारे सहज जमले नव्हते. आपल्या घरच्या आईलाही ते सहज जमत नाही, एवढे जरी आपण आज ओळखले आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तिच्या हातातले एखादे काम आपल्या हातात घेतले, तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.